‘म्हातारं झालं’ हे निदान नव्हे

आमच्या वर्धा जिल्ह्यात घरचे कुत्रे खंगू लागले, उठताना कण्हू लागले किंवा रात्री ओसरीवर लघवी करू लागले, म्हणजे शेजारपाजारच्या मंडळींपैकी कोणीतरी एक वाक्य हमखास उच्चारतो: ‘म्हातारं झालं ना जी ते, आता कायले इलाज करता त्याचा?’ बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. हेच वाक्य त्याने आपल्या घरातील वृद्धांविषयीही लहानपणापासून ऐकलेले असते, आणि ते त्याच्या तोंडी सहानुभूतीच्या स्वरातच येते. परंतु त्या स्वराआड एक संपूर्ण निकालपत्र दडलेले असते, ज्यासाठी ना चौकशी झालेली असते ना साक्षीपुरावा घेतलेला असतो, आणि ज्याच्याविरुद्ध तो निकाल लागतो त्या मुक्या पक्षकाराला आपली कैफियत मांडण्याची सोय निसर्गाने दिलेली नसते. ती त्याच्या वतीने मांडावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहितो आहे.

निमित्त घडले ते तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात. आर्वी नाक्याकडे राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे बसलो असता माझ्या खंड्याच्या आजारपणाची गोष्ट निघाली, आणि महसूल खात्यात उभी हयात घालवलेल्या, व्यासंगी आणि एरवी अत्यंत दयाळू अशा त्या गृहस्थांनी वरील वाक्याचीच सविस्तर मांडणी केली. त्यांचे म्हणणे असे होते, की जरा हा सृष्टिक्रम आहे आणि त्याच्यापुढे औषधाची बाटली घेऊन उभे राहणे हा केवळ मोह आहे. ज्या जिल्ह्यात कापूस पिकवणारा शेतकरी कर्जापायी जीव देतो, त्या जिल्ह्यात कुत्र्याच्या रक्ततपासणीवर पैसा खर्चणे ही चैन आहे. पूर्वीचे लोक असे जनावर मोकळे सोडून देत आणि ते आपल्या कर्माने जगे वा मरे. आणि इतकेही करवत नसेल व हालही पाहवत नसतील, तर एका सुईने त्याला सोडवावे, ज्याला साक्षात गांधीजींच्या आचरणाचा दाखला आहे. त्या दिवशी मी फारसे बोलू शकलो नाही, कारण माणूस ज्या गोष्टीने विद्ध झालेला असतो त्या गोष्टीवर त्याला धड वाद घालता येत नाही. आता तो विद्धपणा ओसरला आहे, आणि उत्तर देणे माझ्यावर बाकी आहे.

माझा मुख्य आक्षेप ‘म्हातारं झालं’ या दोन शब्दांवरच आहे. वार्धक्य ही अवस्था आहे, व्याधी नव्हे. वार्धक्यात व्याधी अधिक जडतात हे खरे, परंतु त्यांपैकी प्रत्येकीला स्वतंत्र नाव, स्वतंत्र कारण आणि पुष्कळदा स्वतंत्र उपाय असतो; आणि त्या साऱ्यांना एका शब्दाच्या पोत्यात कोंबून त्याचे तोंड बांधून टाकणे याला तत्त्वज्ञान म्हणता येणार नाही, तो निरीक्षणाचा आळस आहे. एकच उदाहरण घ्या. नसबंदी न झालेली वयस्क कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत सुस्त होते, अन्न टाकते, पाणी मात्र घटाघटा पिऊ लागते; कधी तिच्या मागून पू जातो, कधी बाहेर काहीच दिसत नाही. घरची मंडळी म्हणतात, वय झाले. वस्तुतः तिच्या गर्भाशयात पू साठत असतो. पशुवैद्यकात या रोगाला पायोमेट्रा म्हणतात, आणि वेळीच शस्त्रक्रिया करून तो गर्भाशय काढून टाकला तर बहुतेक कुत्र्या वाचतात. न काढला तर विष रक्तात भिनून काही दिवसांतच त्या तडफडून मरतात. अशी एखादी कुत्री मेली, म्हणजे लोक ती म्हातारपणाने गेली असे सांगतात. ती म्हातारपणाने गेलेली नसते. घरात कोणी विचारणारे नव्हते म्हणून ती गेलेली असते.

हीच गोष्ट इतर लक्षणांची. वर्षानुवर्षे चपळ असलेला कुत्रा एकाएकी लठ्ठ आणि निरुत्साही होतो, त्याच्या पाठीवरचे केस विरळ होतात, थंडी त्याला सोसवत नाही. आपण त्याला आळशी म्हणतो, आणि त्याच्या मानेतील थायरॉइड ग्रंथी मंदावलेली असून ती उणीव नित्याच्या गोळीने भरून काढता येते, हे आपल्याला ठाऊकही नसते. तो भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन खाली टाकतो. आपण म्हणतो, खोडी काढतो आहे. त्याच्या दाढांवर किटण चढून हिरड्या सडलेल्या असतात आणि तो एका बाजूने चावत असतो. त्याच्या डोळ्यांत निळसर झाक आलेली पाहून आपण त्याला आंधळा ठरवून मोकळे होतो. परंतु वयाच्या सहा-सात वर्षांनंतर डोळ्यातील भिंग घट्ट होऊन येणारी ही झाक मोतीबिंदूहून निराळी असते आणि तिच्यामुळे दृष्टी फारशी जात नाही. एक माणसाचे वर्ष म्हणजे कुत्र्याची सात, हा प्रचलित हिशेबही असाच सोयीचा आणि चुकीचा आहे, कारण एका वर्षाचे कुत्रे सात वर्षांच्या बालकासारखे नसून पिल्ले घालण्याजोगे प्रौढ झालेले असते, आणि पुढे जर्मन शेफर्डसारखी थोराड जात सातव्या-आठव्या वर्षी उतरणीला लागते तेव्हा मध्यम बांध्याचे आपले गावठी कुत्रे अजून अंगणभर धावत असते.

आता पाण्याविषयी, आणि येथे मला माझा स्वतःचा अपराध नमूद केला पाहिजे. खंड्या आमच्या घरी आला तेव्हा दीड महिन्याचे गावठी पिल्लू होता. तेराव्या वर्षी तो रात्री ओसरीवर लघवी करू लागला. सकाळी फरशी धुण्याचा त्रास टाळावा म्हणून आम्ही दिवेलागणीलाच त्याचे पाण्याचे भांडे उचलून ठेवू लागलो. ही युक्ती आमची एकट्यांची नव्हे. कित्येक सुशिक्षित घरांतून ती सर्रास चालते. त्याच सुमारास त्याचे मागचे पाय आखडू लागले, तेव्हा एका औषधविक्रेत्याच्या सांगण्यावरून घरात माणसांसाठी आणलेली डायक्लोफेनॅकची अर्धी गोळी आम्ही त्याला तीन दिवस गुळात घालून दिली. चौथ्या दिवशी त्याला डांबरासारखी काळी शौच झाली, आणि ओकारी थांबेना.

ज्या पशुवैद्यांकडे मी त्याला नेले त्यांनी रक्त तपासून घेतले आणि जे सांगितले ते मी जन्मभर विसरणार नाही. ते म्हणाले, ‘तुमचा हिशेब उलटा आहे. तो पाणी जास्त पितो म्हणून त्याला लघवी जास्त होत नाही. लघवी जास्त जाते म्हणून त्याला पाणी जास्त प्यावे लागते.’ मूत्रपिंडे झिजू लागली म्हणजे मूत्र घट्ट करण्याची त्यांची शक्ती जाते. सुमारे दोन तृतीयांश कार्यशक्ती नष्ट होईपर्यंत बाहेर काही दिसत नाही, आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तेव्हा तर तीन चतुर्थांश भाग कामातून गेलेला असतो. अशा जनावराचे पाणी तोडणे म्हणजे, ज्या एका गोष्टीवर त्याचा देह तग धरून आहे तीच काढून घेणे. मधुमेह झालेल्या कुत्र्याच्या बाबतीतही तेच. आणि माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांविषयी एवढे स्पष्ट सांगतो, की डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि पॅरासिटामॉलही वैद्याने ठरवलेल्या मापाबाहेर गेले म्हणजे त्याच्या यकृताला घातक ठरते. कुत्र्यांसाठी योजलेली मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखी औषधे आहेत, पण तीही रक्ततपासणीनंतर आणि वजनाच्या मापानेच द्यावयाची असतात. खंड्याची मूत्रपिंडे दुबळी निघाल्यामुळे त्याला तीही देता येईनात, आणि वैद्यांनी वेदनेसाठी गॅबापेन्टिनची निराळी योजना केली. ज्या रक्ततपासणीला त्या गृहस्थांनी चैन म्हटले होते, ती झाली नसती तर पुढची गोळी देऊन मीच त्याला मारला असता.

म्हणून ज्याच्या घरी वयस्क कुत्रे आहे त्या प्रत्येकाला माझे एक सांगणे आहे. एक दिवस, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत, त्याला मोजून पाणी द्या आणि उरलेले मोजा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला शंभर मिलिलिटरहून अधिक पाणी जात असेल, म्हणजे वीस किलोचे कुत्रे दोन लिटरहून अधिक पीत असेल, तर ते रोगाचे लक्षण मानतात. वैशाखात आपल्याकडे हे प्रमाण थोडे वाढणारच. पण पौषात वाढले तर वैद्याची वाट धरा. या परीक्षेला एका मापाच्या लोट्यापलीकडे काही लागत नाही.

वेदनेच्या बाबतीत आपला गैरसमज अधिक खोल आहे. ते कुठे ओरडते, मग त्याला दुखते कशावरून, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. कुत्रे तीव्र इजेने ओरडते. परंतु सांध्यांच्या जुनाट दुखण्याने ते सहसा ओरडत नाही, ते आपले वागणे बदलते. ओट्याच्या पायऱ्यांपाशी थबकते, बसण्यापूर्वी तीनदा गोल फिरते, एकच मनगट तासन्‌तास चाटत बसते, लहान मुले अंगावर आली की जन्मात प्रथमच गुरगुरते, आणि मालक दारात आल्यावर उठून येण्याऐवजी पडल्या जागेवरून शेपूट हलवते. याच शेवटच्या गोष्टीवरून आपण त्याचे प्रेम आटले असे समजतो. प्रेम आटलेले नसते. त्याचे खुबे झिजलेले असतात. आणि येथे आपल्या नव्या घरांचा दोष मोठा आहे, कारण सारवलेल्या भुईवर ज्याचे पंजे रुतत होते त्याला आपण गुळगुळीत टाइल्सवर उभे केले, जिथे प्रत्येक वेळी उठताना त्याचे मागचे पाय फाकतात आणि दुखरे सांधे अधिक ताणले जातात. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गोणपाट अंथरले, न झिजता वाढलेली नखे महिन्यातून एकदा बेताने कापली, निजायला जुन्या वाकळीची जाड घडी दिली आणि पाण्याचे भांडे विटेवर ठेवून मान फार वाकवावी लागणार नाही असे केले, तर निम्मे दुःख हलके होते. खंड्याचे झाले.

याहूनही परिणामकारक गोष्ट म्हणजे त्याचे वजन. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर कुत्र्यांवर लहानपणापासून मरेपर्यंत झालेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात जोडीतील एकाला दुसऱ्याच्या पाऊणपटच अन्न दिले जात असे. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 13 वर्षे भरले, भरपूर खाणाऱ्यांचे 11.2, आणि सांध्यांचा विकार पहिल्या गटात पुष्कळ उशिरा आला. आपल्याकडे म्हाताऱ्या कुत्र्यावरची माया दूधबिस्किटांनी आणि सणाच्या पुरणपोळीने व्यक्त होते, आणि त्या मायेचा सारा भार त्याच्या गुडघ्यांवर पडतो.

काहींचे म्हणणे असे, की शरीराचे एक वेळ समजले; पण जे कुत्रे रात्री-बेरात्री येरझारा घालते, भिंतीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभे राहते, घरच्या माणसाला क्षणभर ओळखत नाही, त्याचे काय करणार? ते वेडे झाले! ही बुद्धिभ्रंशाची व्याधी आहे, आणि ती दुर्मिळ नाही. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांना 2001 साली असे दिसले, की 11 ते 12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्क्यांत आणि 15 ते 16 वर्षांच्यांपैकी 68 टक्क्यांत तिचे निदान एक तरी लक्षण होते. ती बरी होत नाही. परंतु रात्री मंद दिवा ठेवणे, घरातील सामान न हलवणे, जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा न बदलणे, यांनी त्या जिवाचा गोंधळ कितीतरी शांत होतो. बहिऱ्या झालेल्याला हाक न मारता जमिनीवर पाऊल आपटून किंवा हाताने खुणावून बोलवावे. झोपेत एकदम हात लावू नये. यात वैद्यकापेक्षा सौजन्याचाच भाग अधिक आहे.

आमच्या मुलखाचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्याविषयी बाहेरची पुस्तके वाचून चालत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, नवतपा लागतो, दुपारी रस्ते ओस पडतात. माणसाला घाम येतो. कुत्र्याला पंजांच्या तळव्यांखेरीज घाम नाही, त्याचा सारा भरवसा धापेवर. ज्याचे हृदय थकले आहे, ज्याचा कंठ सैल पडला आहे किंवा ज्याच्या छातीवर चरबी चढली आहे, त्या वृद्ध कुत्र्याची ती धापच अपुरी पडते. त्याच्या देहाचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते; ते 106 च्या पुढे गेले की आतील इंद्रिये निकामी होऊ लागतात. अशा जनावराला टिनाच्या छपराखाली साखळीने बांधून बाजारहाटाला निघून जाणे हा अपघात मानता येत नाही. फिरणे सूर्योदयापूर्वी आटोपावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पालथी बाजू टेकवून पाहावी आणि ती टेकवत नसेल तर त्याचे पाय तेथे टेकवू नयेत. दुपारी कूलरच्या झोतापासून थोडे बाजूला, ओलसर भुईवर त्याची जागा करावी. ऊन लागलेच तर बर्फ न लावता माठाबाहेरचे साधे पाणी पोटावर व मांड्यांच्या आतल्या बाजूस ओतून पंख्याखाली घ्यावे आणि तडक दवाखाना गाठावा. आणि ज्यांनी हिमप्रदेशात गाडी ओढण्यासाठी घडलेला हस्की केवळ डोळ्यांच्या निळाईवर लुब्ध होऊन या जिल्ह्यात आणला आहे, त्यांनी त्याच्या म्हातारपणाचा विचार पिल्लू घेतानाच करावयास हवा होता.

येथे खर्चाच्या आक्षेपाचे उत्तर द्यावे लागेल, आणि तो आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. ज्या घरी बियाण्याला पैसा नाही त्या घराने कुत्र्याचे रक्त तपासावे असा आग्रह धरणारा मी कोण? पण माझा अनुभव असा आहे, की हा आक्षेप त्या घरातून येतच नाही. देवळी-समुद्रपूरकडच्या शेतमजुराच्या दारातले म्हातारे कुत्रे त्याच्या ताटातल्या अर्ध्या भाकरीचे वाटेकरी असते आणि शेवटपर्यंत त्याच दारात निजते. आक्षेप येतो तो ज्यांनी हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लू घेतले, त्याची छायाचित्रे नातलगांना दाखवली आणि आठ वर्षांनी जिल्ह्याच्या दारिद्र्याचा दाखला देऊन हात वर केले, त्यांच्याकडून. शेतकऱ्याचे दुःख हे असे कोणाच्या तरी कंजूषपणाला पांघरूण म्हणून वापरले जावे, याची मला चीड येते. शिवाय मी वर जे सांगितले त्यातील बहुतेक गोष्टींना, म्हणजे पाणी, सावली, गोणपाट, कमी केलेला घास, बघणारी नजर यांना, मोलच पडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, ज्यांना आपण अजून ‘ढोरायचा दवाखाना’ म्हणतो आणि म्हणून कुत्र्याला घेऊन जायला संकोचतो. तो संकोच सोडावा. अवघड दुखण्यासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय दोन तासांच्या अंतरावर आहे. रेबीजची लस तर म्हाताऱ्या कुत्र्यालाही दरवर्षी टोचलीच पाहिजे, कारण तेथे प्रश्न केवळ त्याचा नसून घरातल्या आणि गल्लीतल्या मुलांचाही आहे.

‘मोकळे सोडण्या’विषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण या प्रकाराला मोकळे हा शब्द लावणेच मला सहन होत नाही. तेरा वर्षे एका दारात जगलेला, अर्धवट दिसणारा, अधू पायांचा जीव सेलूच्या पुढे बोरच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडीतून उतरवून द्यायचा आणि आपण परत फिरायचे, याला लोक त्याला रानात सोडले असे म्हणतात. बोर 2014 पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तेथे बिबटे आहेत, आणि कुत्रा हे त्यांचे सोपे भक्ष्य आहे. ज्या कुत्र्यांना लस दिलेली नसते ती डिस्टेंपरसारखे रोग वन्य श्वापदांत नेऊ शकतात हे वेगळेच. आणि कायद्याच्या दृष्टीने, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील अकराव्या कलमान्वये, उपाशीतापाशी हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये. कायद्याने त्या जिवाची किंमत एवढीच लावली म्हणून आपणही एवढीच लावावी असे नाही. पिपरी मेघे येथील करुणाश्रमासारखी संस्था अशा टाकलेल्या प्राण्यांना थारा देते. परंतु दुसऱ्याने थारा दिला म्हणून टाकणाऱ्याची जबाबदारी फिटत नाही.

आता गांधीजी. त्या गृहस्थांनी हा दाखला सर्वांत शेवटी काढला, आणि वर्ध्यात बसून काढला, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. गोष्ट 1928 सालची, साबरमती आश्रमातली. एक वासरू असह्य यातनांनी तळमळत पडले होते, त्याला कुशीवर वळवणेही त्याच्या दुःखाशिवाय शक्य नव्हते, वैद्याने आशा सोडली होती. तेव्हा आश्रमातील सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून गांधीजींनी डॉक्टरकडून त्याला विषाची सुई देवविली, आणि त्यावरून देशभर वादळ उठले. इतके सर्वांना ठाऊक असते. जे ठाऊक नसते, किंवा सोयीने विसरले जाते, ते असे की त्या वादाला उत्तर देताना त्यांनी अशा कृत्याला चार अटी घातल्या: रोग असाध्य असावा, संबंधित सर्वांनी त्याच्या जीविताची आशा सोडलेली असावी, त्याला कोणत्याही प्रकारची मदत किंवा सेवा करणे अशक्य होऊन बसलेले असावे, आणि स्वतःची इच्छा व्यक्त करणे त्याला शक्य नसावे. या चारही एकत्र असाव्यात, हे त्यांचे म्हणणे. त्यातील तिसरी अट पुन्हा वाचा. सेवा अशक्य झालेली असावी. सेवेचा कंटाळा आलेला असावा, असे तेथे म्हटलेले नाही. ज्या कुत्र्याला एक भांडे पाणी, एक गोणपाट आणि योग्य गोळी यांनी उद्या सकाळी उठून अंगणात जाता येईल, त्याच्या बाबतीत ती अट पुरी होत नाही, आणि म्हणून तो दाखला त्या गृहस्थांच्या बाजूने नसून त्यांच्या विरुद्ध आहे.

तोच प्रकार भटक्या कुत्र्यांच्या वादाचा. 1926 साली अहमदाबादेतील एका गिरणीमालकाने आपल्या आवारातील साठ कुत्री मारविली तेव्हा गांधीजींनी त्याला दोष दिला नाही, म्हणून त्यांना कुत्र्यांचे वैरी ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. परंतु ‘यंग इंडिया’तील त्या लेखमालेचा रोख पाहिला, तर तो समाजावर आहे: धन्याविना भटकणारे कुत्रे हे समाजाच्या अज्ञानाचे आणि आळसाचे चिन्ह आहे, आणि ज्याला दया आहे त्याने रस्त्यावर तुकडा टाकून पुण्य जोडण्याऐवजी कुत्र्याचे पालकत्व पत्करावे. पालकत्व पत्करणे याचा अर्थ ते शेवटपर्यंत पत्करणे. ते उपयोगी आहे तोवर पत्करणे, असा अर्थ त्या लेखांतून काढता येत नाही.

आणि वर्ध्याने तर हा उपयोगाचा निकष कधीच मान्य केलेला नाही. 1941 साली येथे गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालालजी बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोपुरीत त्या कामाला वाहिले. भाकड व वृद्ध गाईंचे पालन हे पांजरपोळांचे खरे कर्तव्य, ही त्या विचाराची बैठक होती. 1936 साली दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी कुष्ठरोग्यांसाठी आश्रय उभारला, तेव्हा त्या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. सेवाग्रामात परचुरे शास्त्री कुष्ठाने जर्जर होऊन आले तेव्हा ते बरे होतील या हिशेबाने गांधीजी त्यांच्या अंगाला मालीश करीत नव्हते. माणसाची आणि कुत्र्याची मी बरोबरी करीत नाही, आणि तसा अर्थ कोणी काढू नये. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की जे बरे होणार नाही त्याची शुश्रूषा निरर्थक आहे, हे वाक्य भारतात इतरत्र कोठे उच्चारले गेले तर एक वेळ समजू शकेल. सेवाग्रामपासून आठ किलोमीटरांवर बसून ते उच्चारणाऱ्याने आपल्या पायाखालची भूमी पाहिलेली नाही.

खंड्यावर उपचार सुरू झाले त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो माठाजवळ, ओल्या भुईवर निजत असे. रात्री दोनदा उठून त्याला अंगणात न्यावे लागे; ते काम आम्ही घरातल्यांनी आळीपाळीने वाटून घेतले होते. पावसाळ्यात त्याचे गोचीड रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात काढावे लागत, आणि तेवढा वेळ तो माझ्या मांडीवर हनुवटी टेकून स्वस्थ पडून राही. पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस त्याने अन्न पूर्णपणे सोडले, सलाइन लावूनही रक्तातील विष उतरेना, तोंडात व्रण पडले आणि पाणीही पोटात ठरेना. वैद्य दोनदा घरी आले. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वांनी मिळून ठरवले, आणि त्याच्या गोणपाटावर, त्याच्या नेहमीच्या जागी, सुई दिली गेली. आर्वी नाक्याकडच्या त्या बैठकीत जी सुई सुचवली गेली होती तिच्यात आणि या सुईत चौदा महिन्यांचे अंतर होते, आणि त्यातील तेरा महिने तो रोज पहाटे आपल्या पायांनी चालत फाटकापर्यंत जाऊन येत असे.